जुन्या जोत्यापाशी डिटेक्टर सारखा बडबडतो आणि खणलं की खिळाच निघतो, काय काय तपासायचं

प्रश्न दर सीझनला तोच असतो. जमिनीतली जुनी नाणी-वस्तू शोधायचा मेटल डिटेक्टर, म्हणजे आपलं मशीन, घरामागच्या लॉनवर अगदी शहाण्यासारखं चालतं, क्वार्टर-डाइमची नाणी बरोबर ओळखतं, पण जंगलातल्या जुन्या घराच्या जोत्यापाशी नेलं की बिथरतं. स्क्रीनवर आकडे नाचायला लागतात (धातू कुठला ते हे आकडे सांगतात, उणे म्हणजे लोखंड, वरचे म्हणजे चांदीसारखं काही), एकदा उणे सहा, लगेच अडतीस, परत उणे चार, आणि अडतीस बघून खूश होऊन हातभर मुळं तोडत खाली गेलं की निघतो गंजका वाकडा खिळा. मग पुढचा प्रश्न ठरलेला, मशीन बदलू का? नका बदलू. दहातल्या नऊ वेळा मशीन ठीकच असतं आणि आवाज कुठून येतोय हे न बघताच सेटिंग फिरवलेलं असतं.

हे सगळं मी न्यू इंग्लंडपुरतं लिहितोय, म्हणजे मॅसॅच्युसेट्स, कनेटिकट, न्यू हॅम्पशायर हा पट्टा, कारण आपली बरीच मंडळी बॉस्टन-वुस्टर-हार्टफर्ड भागात आहेत आणि विकेंडला हा नाद लागलेले त्यात आता बरेच दिसतात. इथं जंगलात फिरताना मधेच रचलेल्या दगडांचे गडगे दिसतात, अगदी कोकणात असतात तसे, आणि त्यांच्या आत कुठंतरी दगडांनी बांधलेला चौकोनी खड्डा असतो, तो जुन्या शेतघराचा तळघराचा खड्डा. १८१६ साली उन्हाळा आलाच नाही, जूनमध्ये बर्फ पडलं (आदल्या वर्षी इंडोनेशियात तांबोरा फुटला होता त्याचा हा परिणाम), पिकं गेली, बरेच शेतकरी ओहायोकडे निघाले, १८२५ ला ईरी कालवा सुरू झाल्यावर पश्चिमेकडचं धान्य स्वस्तात यायला लागलं आणि या दगडाळ शेतीत काही राम उरला नाही. घरं ओस पडली, जंगल परत आलं. आपल्याला हवा तो काळ त्याच्याही आधीचा, सतराशेतला, आणि तो या जोत्यांभोवतीच्या जमिनीत आहे, पण त्याच्यावर आणि त्याच्यात मिसळून दीडदोनशे वर्षांचं लोखंड पडलंय.

पुढे जाण्याआधी परवानगीचं एकदाच सांगतो. जागा खासगी असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि ती लेखी घ्या, नुसतं हो हो म्हणालेत यावर जाऊ नका. नॅशनल पार्कात, उदाहरणार्थ कॉनकॉर्ड-लेक्सिंग्टनच्या मिनिट मॅन पार्कात, डिटेक्टर वापरणं सोडा, वापरता येईल अशा अवस्थेत जवळ बाळगणंही बेकायदा आहे, आणि फेडरल जमिनीवरच्या शंभर वर्षांपेक्षा जुन्या वस्तूंसाठी १९७९ चा पुरातत्त्व कायदा आहे ज्यात दंडाबरोबर तुरुंगवासही होऊ शकतो. स्टेटच्या आणि गावाच्या जमिनीचे नियम वेगवेगळे आहेत, आधी विचारा. शेतांच्या कडेला छोटी घरगुती दफनभूमी बऱ्याचदा असते, तिच्यापासून लांब राहा. आणि सुट्टीला जाताना मशीन बॅगेत टाकून रायगड-राजगडावर फिरवायची कल्पना डोक्यात असेल तर ती इथंच सोडा. संरक्षित स्मारकात खणणं गुन्हा आहे, आणि १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह कायदा अजून लागू आहे, त्यात दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला कळवावं लागतं. दहा रुपये. १८७८ चे असले तरी आकडा तोच आहे.

आता मुद्द्यावर येऊ.

पहिली गोष्ट, आवाज कोणाचा आहे ते ठरवा. जोत्यापाशी होणारी बडबड चार ठिकाणांहून येऊ शकते: हवेतून, तुमच्या स्वतःच्या सामानातून, जमिनीतून आणि लोखंडातून. लोक सगळ्यावर एकच औषध देतात, सेन्सिटिव्हिटी (मशीनचा कान किती तिखट) कमी करा नाहीतर डिस्क्रिमिनेशन (नको त्या धातूंवर मशीननं गप्प बसणं) वाढवा, आणि म्हणून ते औषध कधी लागू पडतं कधी नाही.

हवेतलं तपासणं सगळ्यात सोपं. कॉइल, म्हणजे दांड्याच्या टोकाची चकती, कमरेएवढी उचला आणि स्थिर धरा, हलवू नका. बडबड चालूच राहिली तर ती जमिनीतली नाहीच, ती विजेची आहे. वरून तार गेलीय का बघा. शेजारच्या घोड्यांच्या किंवा गाईंच्या कुरणाला विजेचं कुंपण आहे का ते पण बघा, त्याचा आवाज ओळखू येतो, साधारण सेकंदाला एक असा ठरावीक टिक टिक येत राहतो. नॉइज कॅन्सल (विजेचा आवाज टाळायची मशीनमधली सोय) करा, तेही कॉइल धरून ठेवून आणि तिथंच उभं राहून, गाडीपाशी केलेलं जोत्यापाशी उपयोगाचं नाही. त्यानं भागलं नाही तर मल्टी-फ्रिक्वेन्सी (एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी) सोडून एकच फ्रिक्वेन्सी लावून बघा, माइनलॅबच्या इक्विनॉक्स ८०० या मॉडेलवर ५, १०, १५, २०, ४० किलोहर्ट्झ मिळतात, त्यातली एखादी शांत निघतेच. सेन्सिटिव्हिटी दोनचार घर खाली आणली तरी चालतं, जंगलातली सतराशेतली वस्तू फार खोल नसते, पालापाचोळ्याखाली वीतभर आत बरंच काही असतं. मित्र बरोबर असेल आणि त्याचंही मशीन त्याच जातीचं असेल तर लांब लांब चाला, दोन मशीन शेजारी आली की एकमेकांवर ओरडतात.

सामानातलं म्हणजे काय तर खिशातला फोन, मनगटावरचं घड्याळ, आणि सगळ्यात जास्त वेळा चालू राहिलेला पिनपॉइंटर, म्हणजे खड्ड्यात धातू नेमका कुठंय ते दाखवणारी हातातली छोटी कांडी. कमरेला लटकवलेला आणि बंद करायला विसरलेला. फोन फ्लाइट मोडवर टाका, पिनपॉइंटर बंद करा, मग ऐका. बुटात लोखंडी टोपी असेल तर कॉइल पायाजवळून जाताना दर वेळी एक आवाज देणार, तो फक्त एकाच बाजूला झोक्याच्या शेवटी येतो म्हणून ओळखता येतो. कॉइलची वायर दांड्याला घट्ट गुंडाळलेली हवी, लोंबकळत असेल तर ती हलली की सिग्नल. कॉइलच्या खालचं प्लॅस्टिकचं कव्हर काढून आत बघा, तिथं ओली माती आणि वाळू साठलेली असते आणि ती गंजाच्या कणांनी भरलेली असते, ही गोष्ट कोणी करत नाही आणि पाच मिनिटांचं काम आहे.

जमीन हे थोडं जास्त बोलण्यासारखं प्रकरण आहे. आपण महाराष्ट्रातली माणसं बेसाल्टवर वाढलेलो, त्यामुळे हे समजायला सोपं जाईल: काळ्या दगडात लोहखनिज असतं, मॅग्नेटाइट, आणि ते मशीनला जाणवतं. कनेटिकट नदीच्या खोऱ्यातही बेसाल्टच्या टेकड्या आहेत, माउंट टॉम आणि होलिओकची रांग वगैरे, आपल्या दख्खनच्या पठाराच्या कितीतरी आधीच्या, त्या भागात ग्राउंड बॅलन्स (मशीनला तिथल्या जमिनीची ओळख करून देणं) केल्याशिवाय सुरू करूच नका. बाकी ठिकाणी ग्रॅनाइट आणि हिमनदीनं आणून टाकलेली मिसळ आहे, त्यातही मधेच एखादा गोटा असा निघतो की मशीनला तो धातूच वाटतो, हॉट रॉक म्हणतात ते हेच. ग्राउंड बॅलन्स करायचा तर धातू नसलेली जागा शोधा, जोत्यापासून दहावीस पावलं लांब जा, तिथं कॉइल खालीवर पंप करा, आकडा स्थिर झाला की परत या. जोत्याच्या कडेलाच उभं राहून पंप करून काही होणार नाही कारण खाली खिळे आहेत आणि मशीन त्यांनाच जमीन समजून बसतं.

जोत्यात स्वतःची अशी एक अडचण आहे, ती म्हणजे विटा. धुराड्याच्या विटा भट्टीत तापून निघालेल्या असतात आणि तापून थंड होताना त्यातल्या लोहाला चुंबकत्व बसतं, म्हणून विटांच्या ढिगावर मशीन गुरगुरतं किंवा उगाच उंच टोन देतं. चुलीची जागा, कोळशाची राख, लोहारकामाचा मळ, सगळ्याचं तेच. धुराडं कोसळलेली बाजू कुठली ते आधी बघून घ्या (एका बाजूला दगड-विटांचा उंचवटा असतो) आणि सुरुवातीला ती बाजू सोडून द्या.

हे तिन्ही झालं आणि तरीही कॉइल जमिनीवर हलवली की बडबड, उचलली की शांत, तर मग ते लोखंड. आणि खरी अडचण इथंच आहे.

एका घरात किती खिळे असतील याचा कधी विचार केलाय? लाकडी घर, भिंतीवर फळ्या, छपरावर लाकडी पत्रे, एकेका तुकड्याला खिळे, हजारोंनी खिळे. घर जळालं किंवा कुजून पडलं की लाकूड गेलं आणि खिळे तिथेच उरले. सुरुवातीच्या वसाहतीत खिळा एवढा महाग होता की माणसं घर सोडताना ते जाळून राखेतून खिळे वेचून न्यायची, व्हर्जिनियात १६४५ च्या सुमारास त्याविरुद्ध कायदा करावा लागला. पण न्यू इंग्लंडची ही घरं पडली तोवर कारखान्यात बनलेला खिळा स्वस्त झाला होता, कोण वाकतंय गोळा करायला.

मशीन करतं काय तर एक चुंबकीय क्षेत्र सोडतं, जमिनीतल्या धातूत त्यामुळे छोटे छोटे भोवऱ्यासारखे प्रवाह सुरू होतात, त्यांचं उलटं क्षेत्र दुसरी कॉइल पकडते, आणि दोन्हीतला वेळेचा फरक बघून मशीन सांगतं की हे चांदी, हे शिसं, हे लोखंड. लोखंडाची पंचाईत अशी की ते चुंबकीयही आहे आणि वाहकही आहे. साधा सरळ खिळा बिचारा लोखंड म्हणूनच दिसतो. पण पत्र्याचा सपाट तुकडा, वॉशर, साखळीची कडी, बैलाची पत्री (खुराची नाल), म्हणजे जिथं प्रवाहाला गोल फिरायला जागा मिळते तिथं वाहकाचा गुण वर येतो आणि मशीन फसतं, आकडा थेट चांदीच्या पलीकडे जातो. वाकडा खिळाही तेच करतो, विशेषतः कॉइलची कडा त्याच्या टोकावरून जाते तेव्हा. तुमचा तो अडतीस म्हणजे हा. चांदीपेक्षाही वरचा, एकाच झोक्यात आलेला आणि परत न येणारा आकडा दिसला की आधी संशय घ्या.

(बैलाच्या पत्र्या इथं भरपूर सापडतात हे बऱ्याच जणांना खरं वाटत नाही. न्यू इंग्लंडचा शेतकरी घोड्यापेक्षा बैलच जास्त जुंपायचा, दगड ओढायला तोच बरा, आणि बैलाचं खूर दुभंगलेलं म्हणून एका पायाला दोन पत्र्या. स्वल्पविरामाच्या आकाराचा चपटा लोखंडी तुकडा मिळाला तर फेकू नका, तो तोच.)

तर आता डिस्क्रिमिनेशन. खिळ्यांचा वैताग आला की माणूस काय करतो, लोखंडाचे सगळे आकडे बंद करून टाकतो. मशीन एकदम शांत, वाटतं सुटलो. पण मशीननं खिळा ऐकला आणि गप्प राहिलं, म्हणजे त्या क्षणापुरतं ते बहिरं झालं, आणि खिळ्याच्या चार बोटं बाजूला तांब्याचं नाणं असेल तर तेही त्या गप्प बसण्यात गेलं. ढोल-ताशा पथकाच्या मधोमध कोणाच्या पायातले पैंजण ऐकायचे असतील तर कानात बोळे घालून कसं चालेल. ज्या जागेवर आधी दहाजण फिरून गेलेत आणि काही नाही म्हणतात तिथल्या चांगल्या वस्तू या खिळ्यांच्या आडोशालाच राहिलेल्या असतात, आणि दहाही जणांनी डिस्क्रिमिनेशन वाढवूनच फिरवलेलं असतं. म्हणून माझं स्पष्ट मत, जोत्यापाशी लोखंड ऐकू आलंच पाहिजे. फक्त ते हळू ऐकू यायला हवं.

इक्विनॉक्सवर घोड्याच्या नालेचं चित्र असलेलं बटण दाबा, सगळं उघडं होतं, मग ८०० वर लोखंडाच्या टोनचा आवाज कमी करा, पार शून्य नको, मागे गुरगुर चालू राहील एवढा. गॅरेट कंपनीच्या एटी प्रो मशीनवर आयर्न ऑडिओ नावाची सोय याचसाठी आहे. लोखंडाचा टोन खाली खर्जात आणि बाकी वर असं ठेवलं की अर्ध्या तासात कानाला सवय होते, खर्जाच्या त्या सततच्या आवाजात मधेच एक गोल, गुळगुळीत, छोटा चिवचिवाट आला की हात आपोआप थांबतो. स्क्रीनकडे बघणं कमी करा. खिळ्यांच्या गर्दीत आकडा कधीच खरा नसतो, तांब्याच्या नाण्याशेजारी लोखंड असलं की आकडा खाली ओढला जातो, आणि जुन्या तांब्यावर गंज चढला की आणखी घसरतो.

मग रिकव्हरी स्पीड. एका सिग्नलमधून सावरून दुसरा ऐकायला मशीनला किती वेळ लागतो ते हे सेटिंग ठरवतं. ८०० वर १ ते ८ आहे, जोत्यापाशी ६-७ ठेवा, डीयूस नावाचं मशीन असणाऱ्यांकडे याच गोष्टीला रिअ‍ॅक्टिव्हिटी म्हणतात, लेजंड मशीनवर परत रिकव्हरी स्पीडच. वाढवलं की खोली थोडी जाते, जाऊ द्या. आयर्न बायस हे दुसरं, ० ते ९, वाढवलं तर मशीन संशयास्पद गोष्टीला लोखंड म्हणायला लागतं, कमी केलं तर भोळेपणानं सगळ्याला चांगलं म्हणतं. लोक इथं ९ करून मोकळे होतात आणि मग खिळ्याशेजारचं नाणंही लोखंडात जमा होतं. मी खिळ्यांच्या दाट जागेत हे कमीच ठेवतो, जास्तीचे दोनचार खिळे खणायला लागले तरी चालतील, पण संशय आला की तेवढ्यापुरतं वर नेऊन तोच सिग्नल परत ऐकतो. बायस वाढवल्यावर सिग्नल कोसळून खर्जात गेला तर बहुतेक खिळा, टिकून राहिला तर खणा.

आणि कॉइल लहान लावा. हा एकच खर्च असा आहे जो मी कोणालाही करायला सांगेन. मशीनबरोबर येणारी ११ इंची कॉइल एका वेळी सातआठ खिळे कवेत घेते, ६ इंची दोन घेते. नवीन मशीनच्या किमतीच्या मानानं ती काहीच नाही आणि फरक पहिल्या दिवशी कळतो. झोका पण हळू करा आणि छोटा करा, इकडून तिकडे हात फिरवत चालायची ही जागा नाही. खोलीसारखी चौकोनी चौकोनी जागा दोरी लावून पाडून घ्या, एक चौकोन संपेपर्यंत दुसऱ्यात जाऊ नका.

सिग्नल आला, आता खणायचा का नाही, हे ठरवायला मी काय करतो ते सांगतो. आधी नव्वद अंशात फिरून दुसऱ्या बाजूनं ऐकतो. मोकळ्या जागेत दोन्हीकडून येणारा सिग्नल चांगला आणि एकाच बाजूनं येणारा खोटा असा सरळ हिशोब आहे, पण खिळ्यांत तो चालत नाही, कारण नाण्याच्या एका बाजूला खिळा असेल तर नाणंही एकाच दिशेनं दिसतं. म्हणून दुसरी परीक्षा जास्त महत्त्वाची, जागा. झोका अगदी छोटा करत सिग्नलचं ठिकाण पक्कं करा, मग फिरून परत करा. नाणं असेल तर ठिकाण तिथंच राहतं. खिळा असेल तर ठिकाण सरकतं, बोटभर नाही चांगलं वीतभर सरकतं, आणि पिनपॉइंट केलं की नेमका खर्जाच्या आवाजावर जाऊन बसतं. हे एक जमलं तरी निम्मे खिळे वाचतात. तिसरं, कॉइल हळूहळू वर उचला. नाणं लगेच विरतं. हातभर उंचीवरही सिग्नल दणदणीत येत असेल तर खाली नांगराचा फाळ, कढई, बिजागरी असं काही मोठं लोखंड आहे.

खणल्यावर खिळा निघाला तर तीन गोष्टी, आणि दरवेळी त्याच जागेवर तोच त्रास परत परत होण्याचं मूळ मला वाटतं यातच आहे. एक, खड्डा परत ऐका. खिळा बाहेर काढला म्हणजे झाकण उघडलं, खाली काय होतं ते आता ऐकू येईल, आणि लोक नेमके इथंच खिळा बघून वैतागून खड्डा बुजवतात. दोन, खिळा परत खड्ड्यात टाकू नका. शिवी घालून तिथंच फेकलेला खिळा पुढच्या वेळी परत सापडतो आणि आता तो वरच्या थरात असतो म्हणून जास्त मोठ्यानं ओरडतो. थैलीत टाका, घरी न्या, मालकाला विचारून भंगारात द्या. चौकोन चौकोन असं लोखंड उपसत गेलं की प्रत्येक फेरीत तीच जागा नवी होते. तीन, खिळा बघा. हातानं ठोकलेला असेल तर चारही बाजूंनी निमुळता आणि डोक्यावर हातोड्याचे पैलू दिसतात, तो साधारण १८०० च्या आधीचा. दोनच बाजू निमुळत्या आणि दोन समांतर असतील तर मशीननं कापलेला, १७९० च्या दशकापासून जवळजवळ शतकभर चाललेला. गोल तारेचा असेल तर १८९० च्या आसपासचा किंवा नंतरचा. सगळे गोल तारेचेच निघत असतील तर तुम्ही जुन्या घरावर नाही, नंतरच्या कोंबड्यांच्या खुराड्यावर उभे आहात, हला तिथून.

कधी कधी खणायच्या आधी खणखणीत सिग्नल आणि माती उकरल्यावर काहीच नाही, असं होतं. गंजत गेलेल्या लोखंडाभोवतीच्या मातीत गंज उतरलेला असतो, सगळं मिळून मशीनला एक मोठी वस्तू वाटते, माती मोडली की ती वस्तूच मोडते. मातीचा रंग बघा, तांबूस-केशरी झालेली असेल तर सोडून द्या. हिरवट डाग दिसला तर मात्र खुरपं बाजूला ठेवा आणि बोटांनी माती काढा, तांबं जवळ आहे.

आणि मुळात तळघराच्या खड्ड्याला चिकटून का बसायचं? तिथंच सगळ्यात जास्त खिळे, आणि नंतरच्या लोकांनी कचरा टाकायला तोच खड्डा वापरलेला, डबे, बाटल्यांची झाकणं, काडतुसांच्या टोप्या. माणसाच्या खिशातून नाणं पडतं ते तो चालतो-वाकतो तिथं. पायरीचा मोठा सपाट दगड शोधा, म्हणजे दार कुठं होतं ते कळलं. लायलॅकची फुलझुडपं किंवा जमिनीवर पसरलेली विंकाची वेल अजून दाराजवळ तग धरून असते, जंगलात उगाच उगवलेली नसते ती, कोणीतरी लावलेली. दारापासून विहिरीपर्यंत, दारापासून गोठ्याच्या जोत्यापर्यंत, गडग्यात जिथं गाडी जायला फट ठेवलीय तिथं, हे पट्टे आधी करा. खिळे पातळ, मशीन शांत आणि वस्तू चांगल्या. जागा नक्की कशी सापडवायची हा वेगळा विषय, पण लिडारचे (विमानातून लेझर टाकून जमीन मोजलेले) नकाशे बघा, झाडं वजा केल्यावर खड्डे आणि गडगे स्वच्छ दिसतात, आणि १८५० च्या दशकातले काउंटीचे नकाशे बघा ज्यात घराघरावर मालकाचं नाव छापलेलं आहे.

काय मिळतं? सपाट बटणं सगळ्यात जास्त, तांबं-जस्ताची, एकसंध, मागे कडी असलेली. बुटाची बक्कलं, बहुतेक तुटकी. मस्केट बंदुकीच्या शिशाच्या गोळ्या. घुंगरू, प्यूटर या कथलाच्या मिश्रधातूच्या चमच्यांचे तुकडे. इंग्लंडचा राजा जॉर्ज दुसरा-तिसरा यांची अर्ध्या पेनीची नाणी. कनेटिकटची तांब्याची नाणी १७८५ ते १७८८ मधली, मॅसॅच्युसेट्सचे सेंट १७८७-८८ चे. स्पॅनिश रियाल मिळाला तर चकित होऊ नका, १८५७ पर्यंत ते अमेरिकेत कायदेशीर चलन होतं, सुट्टे हवे म्हणून कापलेले तुकडेही सापडतात. ज्या ईस्ट इंडिया कंपनीचा चहा १७७३ मध्ये बॉस्टनच्या बंदरात बुडवला तिचीच नाणी तेव्हा मुंबईत चालत होती, हा विचार हातात जॉर्जचा चेहरा आला की मला हमखास येतो, असो.

तांब्याचं नाणं घासू नका. चिंच-मीठ किंवा पितांबरी लावून देवाची भांडी लखलखीत करायची आपली सवय इथं आवरा, हिरव्या थराबरोबर अक्षरं पण जातात आणि मग कुठल्या साली कुठं पाडलं ते कधीच कळत नाही. साधं पाणी, मऊ ब्रश, तेवढंच. कुठं मिळालं त्याचा फोटो आणि लोकेशन आधी टिपून ठेवा, मालकालाही द्या, गावच्या हिस्टॉरिकल सोसायटीलाही रस असतो.

जंगलात जायच्या आधी कानाची तयारी घरी करता येते. एका फळीवर चार खिळे ठेवा, जुने गंजके मिळाले तर उत्तम, मधोमध एक नाणं ठेवा, मोकळ्या मैदानात जाऊन त्यावरून कॉइल फिरवा, घरात नको, घरात विजेचा आवाज आणि फरशीतलं लोखंड. एकेक सेटिंग बदलत ऐका, कधी नाणं दिसतं कधी गडप होतं ते. नाणं १९८२ च्या आधीचा पेनी घ्या, तो जवळपास सगळा तांब्याचा आहे. देशातून आणलेला रुपया घेऊ नका, आपला स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो, मशीन त्याला खिळ्यांच्या भावकीतच धरतं आणि तुम्हाला वाटतं सेटिंग चुकलं.

पावसानंतरचे एकदोन दिवस चांगले. ओल्या मातीत खोलवरचं नाणं जास्त स्पष्ट बोलतं, खणायलाही सोपं. गंजकं लोखंडही जास्त बोलतं हे खरं, पण एकूण हिशोब फायद्याचाच. मे ते जुलै गोचिडांचा हंगाम आहे आणि लाइम रोगाला ज्या गावाचं नाव मिळालं ते लाइम याच कनेटिकटमधलं, त्यामुळे पँट मोज्यात खोचा, कपड्यांवर परमेथ्रिन हे कीटकनाशक मारा, घरी आल्यावर अंग तपासा. पॉयझन आयव्हीची तीन-तीन पानं जोत्याच्या दगडांवर हमखास असतात, हातमोजे घाला.

हे सगळं करूनही बडबड जात नसेल तर मगच मशीनवर संशय घ्या, आणि तोही क्रमानं. तारांपासून लांबच्या मोकळ्या मैदानात जा, फॅक्टरी रीसेट करा, बॅटरी पूर्ण चार्ज करा, कॉइल हवेत धरा. तिथं शांत असेल तर मशीन चांगलं आहे, परत वरती जाऊन पहिल्यापासून बघा. तिथंही बडबडत असेल तर कॉइल काढा, जोडणीच्या पिना कोरड्या आणि सरळ आहेत का बघा, मित्राची त्याच मॉडेलची कॉइल लावून बघा. त्याच्या कॉइलनं शांत झालं तर तुमची कॉइल गेली, वायर मुळाशी तुटते बऱ्याचदा, ती वॉरंटीत असेल तर बदलून मिळते. त्याच्या कॉइलनंही बडबड असेल तर मशीनचा मुख्य डबाच गेला, सर्व्हिस सेंटरला पाठवा, आणि पाठवताना काय काय करून बघितलं ते लिहून द्या, नाहीतर तेही आधी नॉइज कॅन्सल केलं का एवढंच विचारत बसतात.